शस्त्रक्रियेनंतरचे तान्हे मूल आणि त्याचे मूत्रपिंड



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई आणि संप यांवर बोलणार अशी आपली समजूत असते, आणि ती गैर नाही. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. म्हणूनच चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "हा विषय डॉक्टरांचा नव्हे का?"

तो डॉक्टरांचा आहेच. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीतल्या बाकावर, मागून आणलेल्या पुस्तकांवर आणि ज्यांना वेळ होता अशा भल्या माणसांना प्रश्न विचारून झाले. कोणते औषध द्यावे आणि कोणते देऊ नये हे सांगायला आम्ही येथे उभे नाही. परंतु तान्ह्या मुलाच्या मूत्रपिंडाला शस्त्रक्रियेनंतर इजा झाली आहे की नाही, हे निदान नुसते डॉक्टरांच्या डोक्यात होत नसते. ते रात्री तीन वाजता कोणीतरी मोजलेल्या लघवीतून होते. आणि मोजणारा माणूस आला, त्याची पाळी आली, त्याच्या अंगावरचे काम आले, की तेथे आमचाही विषय सुरू होतो.

हा विषय आमच्याकडे कसा आला ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या संघटनेत फौंड्रीतले कामगार आहेत, तसेच दवाखान्यांतल्या परिचारिका, आया आणि वॉर्डबॉयही आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या एका मोल्डरच्या चार महिन्यांच्या मुलीवर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच भोक होते. मुलगी चार किलोंची. दूध पिताना धापा टाकायची, घामाने भिजायची. मोठ्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात भोक बुजवण्यात आले आणि शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्या रात्री मात्र मुलीची लघवी कमी होत गेली. दुसऱ्या दिवशी कळले की मूत्रपिंडे थकली आहेत. पोटातून डायलिसिस करावे लागले. पंधरा दिवसांनी दवाखान्याने रात्रपाळीच्या परिचारिकेला आरोपपत्र दिले. आरोप असा, की लघवीच्या तक्त्यावर बारा आणि एक वाजताचे रकाने कोरे आहेत, आणि या निष्काळजीपणामुळे निदानास उशीर झाला.

आता आमची अडचण पाहा. मुलीचा बाप आमचा सभासद, आणि परिचारिकाही आमचीच सभासद. बाप कचेरीत येऊन उभाच राहिला. बसा म्हटले तरी बसेना. म्हणाला, "अण्णा, एवढंच सांगा. तुम्ही माझ्याकडनं हाय का त्या बाईकडनं?"

तीस वर्षांत आम्हांस इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर द्यायचे तर तो तक्ता वाचता आला पाहिजे, आणि तक्ता वाचायचा तर मूत्रपिंड म्हणजे काय हे ठाऊक पाहिजे. म्हणून आम्ही शिकायला बसलो. जे शिकलो ते आज आपणांपुढे ठेवतो.

मूत्रपिंड ही शरीराची नुसती गाळणी आहे असे आपण समजतो. ती गाळणी तर आहेच, पण त्याहून अधिक ती हिशेबनीस आहे. पाणी किती ठेवायचे, मीठ किती सोडायचे, रक्तातले पोटॅशियम किती असावे, आम्ल किती असावे, याचा हिशेब ती अहोरात्र ठेवते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरीने सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गर्भाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास त्या तयार होऊन संपतात. त्यानंतर नवी एकही होत नाही. म्हणजे जन्माला येताना जे भांडवल मिळाले त्यावरच आयुष्य काढायचे. जे मूल दिवस भरण्याआधी जन्मले, त्याचे भांडवल मुळातच कमी. शिवाय तान्ह्या मुलाच्या मूत्रपिंडाची शक्ती जन्मतः फार थोडी असते. ती पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने वाढते आणि मोठ्या माणसाच्या तोडीला यायला सुमारे दोन वर्षे लागतात.

हृदयाची शस्त्रक्रिया करताना पुष्कळदा हृदय थांबवावे लागते. तेवढा वेळ रक्त फिरवण्याचे आणि त्यात प्राणवायू घालण्याचे काम यंत्र करते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी असे यंत्र वापरून हृदयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्या यंत्राने लक्षावधी जीव वाचवले आहेत. परंतु यंत्राचा प्रवाह हा हृदयाचा प्रवाह नव्हे. नळ्यांतून फिरताना काही रक्तपेशी फुटतात आणि त्यांतले लाल द्रव्य मूत्रपिंडास बाधक ठरते. परक्या पृष्ठभागाला रक्त लागले की शरीरभर दाह उठतो. नंतर हृदय पुन्हा सुरू झाले तरी पहिले काही तास ते थकलेले असते, आणि मूत्रपिंडाकडे रक्ताचा पुरवठा कमी पडतो. मूल जितके लहान आणि यंत्रावरचा वेळ जितका अधिक, तितका धोका मोठा.

दुसऱ्या एखाद्या आघातामागून मूत्रपिंड बंद पडते, ही गोष्ट जगाला नीट कळली ती शस्त्रक्रियागृहात नव्हे. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला. घरे कोसळून माणसे तासन्‌तास ढिगाऱ्याखाली हातपाय चेंगरून पडत. बाहेर काढले तेव्हा ती बोलत, चहा मागत. पुढे त्यांची लघवी आटत जाई आणि आठवड्याभरात ती दगावत. एरिक बायवॉटर्स आणि त्यांचे सहकारी बील यांनी १९४१ साली अशा रुग्णांचे वर्णन छापले. चेंगरलेल्या स्नायूंतून रक्तात उतरलेल्या द्रव्यांनी आणि आटलेल्या रक्तपुरवठ्याने मूत्रपिंडे निकामी केली होती. खाणीत किंवा बांधकामावर दबलेल्या मजुराचीही हीच कथा असते. त्यात एक धडा आहे, आणि तो तान्ह्या मुलालाही लागू आहे. इजा होते त्या क्षणी काही दिसत नाही. रुग्ण बरा दिसतो. हिशेब मागाहून येतो.

तर मग ही इजा ओळखायची कशी? या दुखण्याला वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळे माप लावीत. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याच्या तीसहून अधिक व्याख्या होत्या. एकाने मोजलेले दुसऱ्याशी जुळवताच येत नसे. २००४ साली मोठ्या माणसांसाठी एक सामाईक माप ठरले, २००७ साली ते मुलांसाठी बेतले गेले, आणि २०१२ साली के.डी.आय.जी.ओ. या आंतरराष्ट्रीय मंडळाने दिलेली व्याख्या आता बहुतेक ठिकाणी चालते. तिचे दोन पाय आहेत. एक रक्तातले क्रिएटिनिन आणि दुसरा लघवी. यांपैकी कोणतीही एक खूण मिळाली की निदान होते.

आधी लघवीचे पाहू. नियम असा, की सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे दर तासाला अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, तर मूत्रपिंडास इजा झाली असे धरावे. आमच्या मोल्डरची मुलगी चार किलोंची. म्हणजे तासाला दोन मिलिलिटर, सहा तासांत बारा. बंधुभगिनींनो, बारा मिलिलिटर म्हणजे चहाचे अडीच चमचे. या अडीच चमच्यांच्या अलीकडे की पलीकडे, यावर निदान ठरायचे आहे. अंदाजाने "लघवी बरी होतेय" म्हणण्याची ही जागा नव्हे. नळी घातलेली असेल तोवर खुणा असलेल्या भांड्यात दर तासाला वाचावे लागते. नळी काढली की लंगोट वजन करावा लागतो; कोरा किती, ओला किती, आणि जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर धरायचे.

लघवी कमी झाली की ती मूत्रपिंडाचीच इजा, असेही नाही. पहिली शंका नळीची. ती दुमडली आहे का, तिच्यात गाठ अडकली आहे का, हे आधी पाहायचे. गटार तुंबले की आपणही आधी पाइप पाहतो, टाकी बदलत नाही. दुसरी शंका रक्तप्रवाहाची. हृदय थकले असेल किंवा अंगातले पाणी कमी पडले असेल, तर मूत्रपिंड शाबूत असूनही लघवी सोडत नाही. शस्त्रक्रियेनंतर शरीर आपण होऊनही काही तास पाणी धरून ठेवते. उलट, लघवी भरपूर होत असूनही मूत्रपिंड आतून बिघडलेले असू शकते, विशेषतः लघवी वाढवणारे औषध चालू असताना. म्हणून एका पायावर उभे राहून भागत नाही. दुसऱ्या पायाची गरज लागते.

तो दुसरा पाय म्हणजे क्रिएटिनिन. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून हे द्रव्य तयार होते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. मूत्रपिंड थकले की ते रक्तात साचते. ते रक्तात अठ्ठेचाळीस तासांत ०.३ मिलिग्रॅमने वाढले किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झाले, तर इजा झाली असे धरतात. दुप्पट झाले तर दुसरी पायरी, तिप्पट झाले तर तिसरी. हे माप ओळखीचे आहे, स्वस्त आहे, आणि तालुक्याच्या गावीही होते. परंतु तान्ह्या मुलाच्या बाबतीत हा साक्षीदार चार कारणांनी अडखळतो.

पहिले कारण, तो उशिरा बोलतो. मूत्रपिंडाला इजा आज झाली तरी क्रिएटिनिन साचून वर यायला एक दिवस, कधी दोन-तीन दिवस जातात. तोवर औषधाने सावरण्याची वेळ बरीचशी निघून गेलेली असते.

दुसरे कारण, तो कधीकधी आईची साक्ष मुलाच्या नावाने देतो. नवजात मुलाच्या रक्तात पहिल्या दिवशी जे क्रिएटिनिन असते ते आईकडून आलेले असते आणि पुढच्या दिवसांत हळूहळू उतरते. काही मुलांवर जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच शस्त्रक्रिया करावी लागते. अशा मुलाचे क्रिएटिनिन उतरायला हवे असताना नुसते जागच्या जागी राहिले, तरी ते शंकेचे कारण असते. कागदावर मात्र आकडा तोच दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटते, ठीक आहे.

तिसरे कारण, तो पाण्यात विरघळतो. शस्त्रक्रियेत आणि नंतर मुलाला सलाइन, रक्त, औषधे असे पुष्कळ द्रव दिले जातात. चार किलोंच्या मुलात सुमारे दोन लिटर आठशे मिलिलिटर पाणी असते असे धरू. त्यात चारशे मिलिलिटर साचले तर रक्तातले सगळेच पातळ होते. साखर तेवढीच ठेवून चहात पाणी घातले तर चहा अगोड लागतो, तसेच हे. समजा, मूळचे क्रिएटिनिन ०.३ होते, दीडपट म्हणजे ०.४५. तपासणीत आले ०.४२. सारे ठीक! पण साचलेल्या पाण्याचा हिशेब करून पाहिले तर तेच ०.४८ होते, आणि रेघ ओलांडली जाते. हेच चारशे मिलिलिटर म्हणजे मुलाच्या वजनाचा दहावा हिस्सा. वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी अंगात साचले की अशा मुलांची प्रकृती अधिक बिघडलेली आढळते. म्हणून किती आत गेले आणि किती बाहेर आले याची वजाबाकी रोज, आणि गंभीर मुलात दर काही तासांनी, व्हायला हवी.

चौथे कारण आम्हांस त्या मोल्डरच्या मुलीच्या कागदांत सापडले. तान्ह्या मुलाचे स्नायू ते किती! त्याचे क्रिएटिनिन ०.२, ०.३ असेच असायचे. शस्त्रक्रियेआधी मुलीचे ०.३ होते. दुसऱ्या दिवशी पहाटेचे आले ०.६. म्हणजे बरोबर दुप्पट. इजेची दुसरी पायरी. पण प्रयोगशाळेच्या छापील चिठ्ठीवर शेजारच्या रकान्यात काय होते? "सामान्य: ०.६ ते १.२." हे माप मोठ्या माणसाचे. चिठ्ठीवर कोठेही तारा नाही, लाल अक्षर नाही. पेशीपेशीतून मूत्रपिंड ओरडत होते, आणि कागद म्हणत होता, सामान्य.

आता त्या रात्रीचा तक्ता आपल्याला वाचता येईल. रात्री आठला सात मिलिलिटर, नऊला सहा, दहाला चार, अकराला दोन. बारा आणि एकचे रकाने कोरे. दोन वाजता परिचारिकेच्या हातची नोंद: "तीन तासांचे मिळून ४." तीनला दोन, चारला एक, पाचला एक. अकरापासून पाचपर्यंत सहा तासांची बेरीज आठ. बारा व्हायला हवी होती. तीन वाजता तिने नळी तपासून पाहिली, ती मोकळी होती. तिने निवासी डॉक्टरांना उठवले. त्यांनी संध्याकाळची चिठ्ठी पाहिली, क्रिएटिनिन ०.४, छापील मापाने काहीच वावगे नाही. त्यांनी लघवी वाढवण्याचे इंजेक्शन दिले आणि सकाळी पाहू म्हटले. त्यांना दोष द्यायला आम्ही उभे नाही. त्यांचीही ती सलग दुसरी रात्र होती. सकाळी सातला वरिष्ठ डॉक्टर आले, त्यांनी तक्ता वाचला, आठ मिलिलिटरची बेरीज केली, आत गेलेल्या द्रवाची वजाबाकी केली आणि चिठ्ठी बाजूला ठेवून आधीचा ०.३ हा आकडा शोधून काढला. दहा मिनिटांत निदान झाले. मग हृदयाची सोनोग्राफी झाली, हृदयाला बळ देणारे औषध वाढले, पाणी कमी झाले, मूत्रपिंडास जड पडणारे प्रतिजैविक बदलले, आणि संध्याकाळी डायलिसिसची नळी बसली.

आता बारा आणि एकचे कोरे रकाने. त्या रात्री त्या परिचारिकेकडे चार मुले होती, त्यांतली दोन व्हेंटिलेटरवर. बारा वाजता पलीकडच्या खाटेवरच्या मुलाचे हृदय थांबले आणि दीड वाजेपर्यंत ती त्याच्या छातीवर दाब देणाऱ्यांत होती.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल करावयाची आहे. आरोपपत्र घेऊन ती पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही तक्ता पाहिला आणि तीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "सिस्टर, एवढ्या वर्षांची नोकरी तुमची. दोन रकाने भरून टाकायला काय हरकत होती? ही वेळच आली नसती." चौकशीत माणूस अडकू नये, एवढेच आमच्या डोक्यात होते.

ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, भरायचेच असते तर मी वरच्यासारखेच भरले असते, सहा आणि सहा. मग बेरीज बारावर गेली असती, आणि सकाळी सरांना बाळ बरे दिसले असते. मोजले नाही ते मोजले नाही. कोरे ठेवले."

आम्ही गप्प झालो. आजही ते आठवले की मान खाली जाते. कोरा रकाना खरे बोलत होता. येथे दोन तास हात नव्हते, एवढेच तो सांगत होता. आमच्या सल्ल्याचा भरलेला रकाना एका तान्ह्या मुलीचे निदान पुसून टाकणार होता. कागद स्वच्छ ठेवून सभासद वाचवायची आमची युक्ती होती. तिच्यापायी दुसऱ्या सभासदाची मुलगी गेली असती.

चौकशी झाली. आम्ही वैद्यकाचे काही बोललो नाही. तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. लघवीचा तक्ता, प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या आणि पाळीचे वेळापत्रक. पहिला इशारा कोणी दिला, तर पहाटे तीन वाजता तक्त्याने. खोटा दिलासा कोणी दिला, तर छापील मापाने. दोन रकाने कोरे का, तर एका बाईला दोन हात. आरोपपत्र मागे घेतले गेले. चिठ्ठीवर वयाप्रमाणे मापे छापू लागले. व्हेंटिलेटरवरच्या दोन मुलांमागे एक परिचारिका असा करार झाला. तो दिवसा पाळला जातो. रात्री अजूनही पुष्कळदा मोडतो, आणि आमचे भांडण चालूच आहे.

बापाला काय सांगितले? त्याला आम्ही तक्ता वाचून दाखवला. मोल्डर माणूस, ओतकामात धातूचे तापमान अंदाजाने लिहिले तर काय होते हे त्याला सांगावे लागले नाही. तो बराच वेळ त्या दोन कोऱ्या चौकोनांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्या बाईनंच वळखलं की." तो तिला जाऊन भेटला. त्यांचे काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

आपण म्हणाल, या यंत्रयुगात लवकर सांगणारी काही तपासणी नाही का? आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी येथील संशोधकांनी २००५ साली हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडाच्या नलिका दुखावल्या की एन्‌गॅल नावाचे एक प्रथिन त्या भरभर तयार करतात आणि ते लघवीत उतरते. त्या ७१ पैकी २० मुलांना इजा झाली. क्रिएटिनिनवरून ते कळायला एक ते तीन दिवस लागले. लघवीतल्या एन्‌गॅलने ते दोन तासांतच दाखवले. पुढच्या मोठ्या अभ्यासांत त्याचा नेमकेपणा इतका झळाळता राहिला नाही, कारण जंतुसंसर्गातही ते वाढते. परंतु उपयोग आहे हे ठरले. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन महिन्यांपासून एकवीस वर्षांपर्यंतच्या रुग्णांसाठी अशा एका तपासणीस मान्यता दिली. ही विद्या आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यात गरिबाच्या मुलालाही मिळाली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

परंतु नव्या तपासणीमुळे जुने मोजमाप रद्द होत नाही. २०१७ साली चार खंडांतल्या ३२ अतिदक्षता विभागांतील, तीन महिन्यांपासून पंचवीस वर्षांपर्यंतच्या ४६८३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारे २७ टक्क्यांना मूत्रपिंडाची इजा आढळली. आणि ज्यांची लघवी कमी झाली होती, त्यांतल्या ६७ टक्क्यांना नुसते क्रिएटिनिन पाहिले असते तर इजा आहे असे कळलेच नसते. म्हणजे तिघांतले दोघे निसटले असते. त्यांना पकडले ते कोणत्या महागड्या यंत्राने नव्हे, तर दर तासाला वाकून भांड्यावरची रेघ वाचणाऱ्या माणसाने. असे माणूस नेमायला पैसा लागतो. यंत्राचे उद्घाटन होते, त्याच्यावर नावाची पाटी लागते. रात्रपाळीच्या जादा परिचारिकेचे उद्घाटन कोणी करीत नाही.

आता आपणांसाठी चार गोष्टी. घरातल्या किंवा शेजारच्या तान्ह्या मुलावर मोठी शस्त्रक्रिया होणार असेल, तर शस्त्रक्रियेआधीचे क्रिएटिनिन किती, हे विचारून लिहून ठेवा. नंतर "नॉर्मल आहे का" असे विचारू नका. "आधी किती होते, आता किती आहे" असे विचारा. आत किती गेले, बाहेर किती आले, आणि वजन किती वाढले, हे विचारा. घरी परतल्यावर तापाचे किंवा दुखण्याचे कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नका, कारण काही वेदनाशामके मूत्रपिंडास जड जातात. आणि ज्या मुलाला अशी इजा होऊन गेली, त्याचे मूत्रपिंड सुधारले तरी विषय संपत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि पुढेही अधूनमधून रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन पाहावे. जे भांडवल गेले ते पुन्हा मिळत नसते.

हे प्रश्न नम्रपणे विचारा. भांडणाच्या स्वरात विचारले की तक्ते भरले जातात, पण मोजले जात नाहीत. भीतीने भरलेला आकडा काय करतो ते आपण आताच ऐकले. आणि एक पाचवा प्रश्नही विचारा, पण तो परिचारिकेला नव्हे, चालकांना: "या रात्रपाळीला एका बाईकडे किती मुले आहेत?"

मोल्डरच्या मुलीची लघवी चौथ्या दिवशी परत सुरू झाली. तीन आठवड्यांनी ती घरी आली. आता ती शाळेत जाते, आणि वर्षातून एकदा तिचा बाप तिला रक्तदाब मोजायला घेऊन जातो. जाताना तो कचेरीवरून जातो. "आकडा लिहून आणतो, अण्णा," असे म्हणतो, आणि आणतो. आमच्या टेबलाच्या खणात त्या आकड्यांची एक वही आहे. त्यातही एका वर्षाची ओळ कोरी आहे. त्या वर्षी त्याला रजा मिळाली नव्हती. ती आम्ही भरलेली नाही.

 या सभागृहात डॉक्टर मंडळी आहेत. आमच्या बोलण्यात काही चुकले असेल तर त्यांनी उभे राहून सांगावे. आम्ही लिहून घेऊ.